पाण्याची पायरी

माणसाच्या चालीने चालणारे वाहन इंग्लंडच्या कालव्यांवर आजही आहे. त्याला नॅरोबोट म्हणतात. रुंदी सुमारे ७ फूट, लांबी ७० फुटांपर्यंत आणि वेग ताशी ४ मैलांच्या आत.

ग्रँड युनियन कालव्यावर आम्ही असा एक दिवस घालविला. स्टोक ब्रुअर्न गावापाशी ७ लॉकांची चढण आहे. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. होडी आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरचे पाणी सोडायचे. पाणी चढते तशी होडी वर येते. ती जड दारे प्रवाशांनीच पाठ लावून ढकलायची.

पुढे ब्लिसवर्थचा बोगदा लागतो. १८०५ साली खुला झालेला, सुमारे २.८ किलोमीटर लांब. आत काळोख, वरून पाणी ठिबकते. पूर्वी घोडे टेकडीवरून नेत आणि माणसे फळीवर आडवी पडून, पायांनी भिंती रेटीत होडी पार करीत.

आज ही सुट्टीची मौज आहे. एकेकाळी मात्र कोळसा वाहणाऱ्या कुटुंबाचा सारा संसार मागच्या १० फुटी खोलीत चाले. मुले लॉकवर राबत आणि शाळा काठावरच राही. जॉर्ज स्मिथ यांच्या खटपटीने १८७७ साली कायदा झाला. तरी आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या मुलांना शाळा धड लाभली नाही. मेरी वॉर्ड या परिचारिकेने याच गावात त्या कुटुंबांची वर्षानुवर्षे शुश्रूषा केली.

कालव्याची शोभा जरूर सांगावी. पण ती दारे कोणाच्या लेकरांनी ढकलली, हेही आपल्या मुलांना सांगावे.