बेदखलीनंतरची हद्द

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आल्यापासून, आजवर लिनक्सला डिस्कच्या एका कोपऱ्यात आश्रितासारखे नांदवणाऱ्या अनेक गृहस्थांनी विंडोजला कायमचे बेदखल करण्याचा मनसुबा केला आहे. तो स्तुत्यच होय. परंतु रिकामा झालेला मुलूख लगोलग लिनक्सच्या विभागास जोडण्याची घाई मला मुळीच प्रशस्त वाटत नाही. विंडोजचा विभाग बहुधा आरंभी असतो. तो पुसून लिनक्सची हद्द डावीकडे सरकवू म्हटले, की जीपार्टेड या विभाग पाडणाऱ्या साधनाला केवळ रेघ बदलून भागत नाही, तर त्या विभागातील मजकूर उचलून नव्या जागी मांडावा लागतो, आणि मध्येच वीज गेली, जी आपल्याकडे जातेच, तर सारे दप्तर मातीमोल होण्याचा संभव असतो. त्यापेक्षा मोकळ्या जागेत ईएक्सटी४ चा नवा विभाग पाडून 'होम' तेथे हलवावे आणि त्याची नोंद एफएसटॅबमध्ये यूयूआयडीनिशी करावी. मात्र शे-पाचशे मेगाबाइटांचा तो ईएफआय विभाग विंडोजचा अवशेष समजून पुसू नये. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबचाही मुक्काम बहुधा तेथेच असतो. बाह्य डिस्कवर आधी प्रत घ्यावी, हे सांगण्याचे वास्तविक प्रयोजन नाही, तरीही सांगतो.