युग संपलें कीं संपविलें?

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीचा अस्तकाल रंगविणारे बोलपट पाहून आमचे सुशिक्षित मित्र गहिंवरतात. वृद्ध घोडेस्वार, दूरवर आगगाडीची शिटी, आणि वर "काळाचा महिमा!" हा सुस्कारा. या सुस्काऱ्यालाच आमची हरकत आहे.

काळ कोणाची जमीन घेत नाहीं. ती मोजणीनें, दस्तानें व बंदुकीनें घेतली जाते. १८९० च्या खानेसुमारीनें सरहद्दीची रेषा उरली नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षीं २९ डिसेंबरला वूंडेड नी येथें सैन्यानें लाकोटा लोकांची बायकामुलांसह कत्तल केली. 'शेन' (१९५३) मध्यें शेतकरी आणि गुरांचा मालक रायकर एका खोऱ्यासाठीं भांडतात. खोऱ्याचे मूळ रहिवासी त्यांत येतात ते रायकरच्या खांद्याला लागलेल्या शायेन बाणासारख्या उल्लेखांपुरते!

जॉन फोर्डचा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) अधिक प्रामाणिक आहे. ज्या गोळीच्या कीर्तीवर वकील स्टॉडर्ड सेनेटर झाला, ती टॉम डॉनिफनची होती. टॉमच्या अंत्यविधीस आलेला स्टॉडर्ड हें स्वमुखानें सांगतो; संपादक मात्र तें छापीत नाहीं.

आम्ही हें जूचंद्रांत बसून लिहीत आहों. वसई-दिवा लोहमार्गावरील हें आगरी वस्तीचें गांव. चंडिकादेवीची टेकडी, मिठागरें आणि रांगोळीकार ही त्याची ओळख. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. येथील रांगोळ्या पाहून आम्ही नवागत "गांवपण चाललें हो!" म्हणून हळहळतों, आणि सदनिकेंत परततों.

मग रस्ते, शाळा नकोत काय, असें कोणी विचारील. हव्यातच, स्टॉडर्डनेंहि शिनबोनमध्यें मुलांमोठ्यांस लिहावाचावयास शिकविलें. परंतु उपकार घ्यावा आणि ऋण नाकारावें, हा कोठला न्याय? प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) नें जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे कसा वळतो तें दाखविलें, तर आमच्या याच मित्रांनीं त्यास हाणामारी म्हणून नाक मुरडलें. परदेशच्या पिस्तुलांत करुणरस आणि घरच्या कोयत्यांत निव्वळ गुंडगिरी! ही रसिकता नव्हे, सोय आहे.

स्टॉडर्डनें निदान शवपेटीपाशीं खरें सांगितलें. आपल्या इमारतीच्या जोत्याखालीं कोणाचें शेत होतें, हें वाचकहो, आपण कधीं विचारलें आहे काय? आम्हींहि अद्याप विचारलेलें नाहीं.