तिकीट वसूल

अमरावतीच्या राजापेठेतलं कुटुंब रात्रीच्या अमरावती–मुंबई एक्स्प्रेसनं कल्याणला उतरतं आणि तडक खोपोलीची इमॅजिका गाठतं. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कचं तिकीट दिवसभराचं. मग काय, बाबा घड्याळ बघत ‘नायट्रो’ रोलर कोस्टरच्या रांगेत, आई बॅगा, पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांचे चष्मे सांभाळत बाकावर. ‘पैसे वसूल झाले पाहिजे नं बाप्पा!’ धाकटं मात्र दुपारीच खांद्यावर झोपलेलं. (तिकीट त्याचंही काढलेलं असतं.) माझं विचाराल तर मोठ्या राइड सकाळीच उरकाव्यात, दुपारी सावलीत निवांत जेवावं, राहिलेलं खुशाल राहू द्यावं. आणि परतीचं आरक्षण त्याच रात्रीचं करू नका. एक दिवस नुसतं लोळायला ठेवा.