ख्रिसमसची गोड लव्हस्टोरी बर्फातच का? आपल्या वसईत का नाही?

डिसेंबर लागला की मोबाइलवर एकाच साच्याचे सिनेमे समोर यायला लागतात. शहरात नोकरी करणारी मुलगी सुट्टीत गावी येते. आजीची बेकरी बंद पडायला आलेली असते. शेजारी एक सरळमार्गी मुलगा राहत असतो. पीठ सांडतं, नाकाला आयसिंग लागतं, बर्फ पडतो आणि 24 डिसेंबरच्या रात्री सगळं जुळून येतं. बोईसरला लोकलमध्ये चढलं की विरार येईपर्यंत असा सिनेमा निम्म्याहून जास्त पाहून होतो. शेवट पहिल्या दहा मिनिटांतच कळलेला असतो, तरी मी तो पाहतो. तुम्हीही पाहत असाल, तर लाजू नका.

हा साचा आला कुठून?

अमेरिकेतल्या हॉलमार्क वाहिनीने 2009 पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावाने असे सिनेमे रांगेने दाखवायला सुरुवात केली. पुढे काही वर्षं तर एका हंगामात 40 च्या आसपास नवे सिनेमे आले. त्यातले कितीतरी कॅनडात भर उन्हाळ्यात, खोटा बर्फ टाकून शूट होतात. नेटफ्लिक्सच्या ‘द प्रिन्सेस स्विच’मध्ये (2018) शिकागोची बेकर केकच्या स्पर्धेसाठी परदेशी राजवाड्यात पोहोचते आणि तिथे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी सरदारकन्या तिला भेटते. पुस्तकांत जेनी कोल्गन यांच्या कपकेक कॅफे आणि बेकरीच्या कादंबऱ्या याच चवीच्या आहेत.

पण बेकरीच का?

इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला याचं उत्तर सोपं वाटतं. ओव्हन हा कथेतला टायमर आहे. 180 अंश, 40 मिनिटं. तेवढा वेळ दोघांना स्वयंपाकघर सोडता येत नाही आणि हात कामात असले की मनातलं बोलणं सोपं जातं. दिवाळीत करंज्या भरताना घरातल्या जुन्या गोष्टी बाहेर येतात, त्यामागचं कारणही हेच. त्यामुळे साचा ठरलेला आहे, ही तक्रार मला फारशी पटत नाही. साच्यातला मोदकही आपण आवडीने खातोच की.

मग खटकतं काय?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे, बहुतेक वेळा मुलीनेच शहरातली नोकरी सोडायची असते. ती सोडली की सुख मिळतं, असा सगळा सूर. पहाटे उठून, गर्दीत लटकत मुंबई गाठणाऱ्या आपल्याकडच्या मुलीने ती नोकरी घरच्यांशी भांडून मिळवलेली असते. तिला हा शेवट गोड कसा वाटावा?

दुसरी म्हणजे, सिनेमातल्या बेकरीत हिशेब कुणी करत नाही. बोईसर-पालघरमध्ये घरून केक करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांच्याकडे 24 तारखेला शेवटच्या क्षणी ऑर्डर येतात. ‘डिझाइन हेच हवं, पण थोडं कमी करा ना’ हे वाक्य ऐकावं लागतं. केक ओव्हनमध्ये असताना वीज गेली तर नुकसान तिचंच. प्रेमकथा हलकीफुलकी असायला माझी हरकत नाही, पण नायिकेची मेहनत हलकी समजू नये.

आपल्याकडे हे सगळं कुठे आहे?

आपल्याच जिल्ह्यात. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि वसई, पालघर, बोईसर या नव्या जिल्ह्यात आले. वसईवर 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आपल्या तारापूरच्या किल्ल्यावरही. ‘पाव’ हा शब्दच मुळात पोर्तुगीज. वसईच्या गावांत ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी अशा मराठीच्या बोली बोलतात. चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते, नाताळची गाणीही मराठीत.

कॉलेजातल्या मित्राकडे मी एकदा नाताळच्या आधी गेलो होतो. ओटीवर बसून आई, काकू, बहिणी काट्या-चमच्यातल्या काट्यावर पिठाची गोळी दाबून कलकल वळत होत्या. मलाही बसवलं. माझे सगळे वाकडे झाले आणि ‘हे इंजिनीअरचे’ म्हणून वेगळे ठेवले गेले. बर्फाची कमी कुणालाच जाणवली नाही.

मग मराठीत अशा गोष्टी का दिसत नाहीत?

वसईच्या मातीतून मराठीला मोठे लेखक मिळाले आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. म्हणजे गंभीर लेखनाची परंपरा भक्कम आहे. पण सिनेमा-मालिकांत ख्रिस्ती पात्र आलं की ते बऱ्याचदा मोडकं मराठी किंवा हिंदी बोलणारं, हातात ग्लास घेतलेलं असतं. प्रेमात पडणारी, केक करपल्यावर चिडणारी, अस्सल बोली बोलणारी वसईची मुलगी नायिका म्हणून माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही.

माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. शेजाऱ्याची ओळख फक्त इतिहास किंवा बातमीतून झाली की तो ‘वेगळा’च राहतो. हलक्या गोष्टीतून झाली की तो आपल्यासारखाच माणूस वाटतो. अमेरिकेतल्या खोट्या गावातला नाताळ आपल्याला तोंडपाठ आहे आणि काही स्टेशनं सोडून असलेल्या वसईतला नाही, हे जरा विचित्रच आहे.

गोष्ट कशी असेल?

साहित्य तयार आहे. घरोघरी ओव्हन नव्हते, तेव्हा गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत लोक केकचं मिश्रण घरी कालवून ट्रे गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन देत. समजा, वसईतल्या एका बेकरीत आजही कुणी ट्रे देतं आणि दोन ट्रेंच्या चिठ्ठ्या बदलतात. एक तिचा. दुसरा तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या इंजिनीअरचा, ज्याला प्लांटमधलं तापमान सांभाळता येतं, पण केक फुगवता येत नाही. आता डहाणू लोकलने ट्रे परत करायला कुणीतरी जायलाच हवं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे, तेव्हा केकमध्ये चिकू येऊ द्या. आणि शेवटी तिची नोकरी तिच्याकडेच राहू द्या.

कुणी लिहिणार असेल तर जरूर लिहा. शेवट आम्हाला आधीच कळला तरी चालेल, सफाळ्यापर्यंत वाचून झाली म्हणजे पुरे.