ढोकीच्या कावळ्यांचा इशारा

फेब्रुवारी 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यातील ढोकी येथे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला. पेशींच्या पृष्ठभागावर सियालिक आम्ल नावाची शर्करा असते. इन्फ्लूएन्झाचा विषाणू तिलाच चिकटून आत शिरतो. पक्ष्यांत तिची जोडणी एक, तर माणसाच्या श्वासमार्गाच्या वरच्या भागात मुख्यतः दुसरी. म्हणूनच हा रोग माणसाला सहसा जडत नाही. परंतु विषाणू बदलतो. हा अडसर कायम राहील, असे गृहीत धरणे धोक्याचे. मेलेली कोंबडी लपविली जाते, ती अज्ञानापेक्षा पोटाच्या भीतीने. ठार केलेल्या कोंबड्यांची भरपाई तत्काळ हाती पडली, तरच खबर वेळेवर येईल. ही भरपाई म्हणजे दया नव्हे. समाजाने स्वतःसाठी उतरविलेला तो विमा आहे.