दुसरा गिअर पडेना!

गेले दोन महिने आमच्या मारुती ८००चा दुसरा गिअर टाकला, की 'खर्रर्र'! पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यानं गाडी वर न उचलताच निदान केलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, १८ हजार. गाडी बाबांची, १९९८ची. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत नोंदणी नव्यानं करावी लागते, तीही तीनदा झालीय. त्यामुळे घरात ठराव पास : विकून टाकू.

त्याआधी एक शेवटची ट्रिप, नांदूरघाटला, आजोळी. नगर, जामखेड, पाटोदा मजेत गेलं. मांजरसुंब्यानंतर मात्र मी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उड्या मारत होते.

मामांनी उमेदीची वर्षं काळी-पिवळी जीप चालवलीय. त्यांनी आवाज ऐकला आणि एकच विचारलं, "गिअर ऑइल कधी बघितलंस गं?"

"दर महिन्याला बघते की. डिपस्टिक काढून, पुसून..."

"ते इंजिनचं."

घ्या! मास कॉमची डिग्री, सात वर्षं ड्रायव्हिंग, आणि गिअरबॉक्सला स्वतःचं वेगळं ऑइल असतं हे मला माहीतच नाही. तुम्हाला होतं? खरं सांगा. त्यासाठी डॅशबोर्डवर दिवा नाही, मॅन्युअल गिअरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत डिपस्टिकही नाही. गिअरबॉक्सच्या कुशीला फक्त एक बोल्ट असतो. आणि मामांचा लाखमोलाचा मुद्दा : इंजिन ऑइल थोडं जळतं, गिअर ऑइल जळत नाही. कमी झालं, म्हणजे कुठूनतरी गळलंच.

गावातल्या गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घेतली. सपाट उभी हवी, नाहीतर लेव्हल खोटी दिसते. (नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरायचं नाही हं, कधीच नाही!) इंजिन थंड होऊ दिलं. मग मामांनी पाना माझ्याच हातात दिला. बोल्ट सुटला. बोट आत घालून खाली वाकवायचं. ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत लागलं पाहिजे. माझं बोट कोरडं! एक्सलजवळचं सील मात्र तेलानं माखलेलं. चोर सापडला.

जुनं काढायचं असेल, तर आधी हा वरचा बोल्ट सुटतो का बघायचं आणि मगच खालचा खोलायचा. नाहीतर तेल गेलं आणि भरायला वाट नाही, अशी पंचाईत. आमच्या जुन्या तेलात बारीक करडा गाळ होता. तो चालतो. दातांचे तुकडे निघाले, तर १८ हजारांची तयारी ठेवा. नवं ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं घ्या. जीएल-४ लिहिलं असताना 'भारी' म्हणून जीएल-५ ओतलं, तर काही जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना ते सोसत नाही. (ऑटोमॅटिकवाल्यांनो, तुमचं तेल वेगळं, तपासायची रीतही वेगळी. तुम्ही यात पडू नका!) नळीला नरसाळं लावून ओतत राहिलो, भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत.

जादू वगैरे झाली नाही. कोरड्यानं चालवल्याची झीज झालीय, ती तेलानं भरून निघत नाही. पण परतताना दुसरा गिअर पडत होता. पाटोद्याच्या अलीकडे एकदा कुरकुरला, तेवढंच. बुधवारी सील बदलायला टाकतेय.

बाबांनी गिऱ्हाइकाला अजून नाही म्हटलेलं नाही. फक्त त्याचा फोन उचलत नाहीयेत.