शाफ्ट एका रात्रीत मोडत नाही



गळीत हंगाम संपला, मिल उघडली, की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला : "शाफ्ट चांगला फिरतोय की! मग तपासणीवर आणि नव्या शाफ्टवर पैसा कशाला? वेल्डिंग मारा आणि भागवा." प्रश्न रास्त आहे, कारण पैसा सभासदांचा आहे. म्हणूनच आम्ही त्याचे उत्तर धातूच्या गुणधर्मावरूनच देणार आहोत.

पॅनमध्ये पाक दाणा कसा धरतो, हे आपणांस ठाऊक आहे. वितळलेले लोखंड गोठताना तेच घडते. त्याचेही दाणे बनतात, फक्त ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोडलेला दांडा पाहून "लोखंड जुने होऊन दाणेदार झाले" असे म्हणणे चुकीचे आहे. ते पहिल्या दिवसापासून दाणेदारच असते.

लोखंडात थोडा कर्ब मिसळला की गुण पालटतो. कर्ब साधारण २ टक्क्यांच्या आत असेल तर पोलाद, त्याहून जास्त असेल तर बीड. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते, तर ४.३ टक्के कर्ब असलेले सुमारे ११४७ अंशांनाच. किती कर्बाला, किती उष्णतेला लोखंडाचे रूप काय असते, याचा तज्ज्ञांनी नकाशाच तयार केला आहे. पॅनमन जसा पाकाचा दाटपणा आणि उष्णता बघून काम करतो, तसा हा नकाशा. आपला लोहार कोयता लालभडक करून पाणी देतो तेव्हा नकळत याच नकाशावरून चालतो. रोलरचे कवच बिडाचे असते. त्यातले ग्राफाइट झिजून पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि ऊस पकडतो. पण बीड ठिसूळ, वाक सोसत नाही. म्हणून आतला शाफ्ट घडीव पोलादाचा.

आता दोषाकडे वळू. दाण्यात अणूंच्या ओळी असतात, पण काही ओळी मध्येच तुटलेल्या राहतात. मोठी सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही, एका टोकाला वळी पाडून ती पुढे ढकलली की सहज सरकते. धातू वाकतो तो या तुटक्या ओळी अशाच सरकतात म्हणून. हे कोडे १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे उलगडले. वाकण्याचा हा गुण उपकारक आहे. पण तोच ताण पुन्हा पुन्हा आला, की खाचेपाशी किंवा गंजाच्या खड्ड्यापाशी बारीक तडा उघडतो.

हिशेब करून बघा. रोलर मिनिटाला ४ फेरे घेतो असे धरले तर दिवसाला ५,७६० फेरे. दीडशे दिवसांच्या हंगामात ८ लाख ६४ हजार. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा तोच भाग एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. वर आंबट रसाची गंज आहेच. तडा केसाएवढा सुरू होतो, वर्षानुवर्षे सरकतो, आणि उरलेला भाग एके दिवशी एकदम मोडतो. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा आस असाच मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढे जर्मनीत व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हा थकवा मोजून दाखवला.

मग वेल्डिंगने काय बिघडते? वेल्डच्या बाजूचा भाग लाल होऊन झटकन थंड होतो. म्हणजे शाफ्टला त्या जागी कोयत्यासारखे पाणी बसते. तो भाग कडक पण ठिसूळ होतो आणि नवा तडा तिथूनच निघतो. आधी तापवून, सावकाश थंड करून, जाणकाराच्या हातून केले तर गोष्ट वेगळी. वरवर भर टाकून आतला तडा जात नाही, नुसता झाकला जातो.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे : दर ऑफ-सिझनला प्रत्येक शाफ्टची ध्वनिलहरींनी तपासणी व्हावी, आणि तिचा अहवाल सभेपुढे ठेवावा. तडा असेल तर लहर मधूनच परत येते आणि तो सापडतो. ऐन हंगामात मिल थांबली तर तोडलेला ऊस गव्हाणीबाहेर वाळतो, वजन घटते, उतारा घटतो. तो तोटा तपासणीच्या बिलाहून कितीतरी मोठा आहे.

आणि हेच आपल्या ट्रॉलीच्या हुकाला, आसाला लागू आहे. चार वेळा वेल्ड केलेला हुक रस्त्यावर मोडला, तर मागून येणारा आपल्याच घरचा कुणी असू शकतो. सभासदांनी हंगामापूर्वी स्वतःचा हुक एकदा बघावा, एवढी विनंती.